इंजिन बंद पडल्यानंतरचं अर्धं मिनिट

सियाचीनच्या वीस हजार फुटांवरच्या ठाण्यांना रॉकेल, औषधं आणि टपाल पोचवणारं 'चीता' हेलिकॉप्टर मूळचं फ्रेंच. तिकडे त्याचं नाव 'लामा'. हिमालयात चालेल असं हलकं आणि दमदार यंत्र हवं, ही भारतीय सेनादलांची गरज होती आणि तिच्यासाठीच ते घडवलं गेलं. मार्च १९६९ मध्ये ते पहिल्यांदा उडालं, पुढे हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं त्याचं उत्पादन भारतात सुरू केलं. २१ जून १९७२ रोजी झाँ बुले या चाचणी वैमानिकानं फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या इस्त्र इथल्या विमानतळावरून असंच एक लामा वर नेलं. वजन घटवण्यासाठी नको ते सगळं सामान आधीच काढून टाकलेलं होतं. लामा १२,४४२ मीटरवर पोचलं. प्रवासी जेट विमानं साधारण जिथून जातात, त्याच्याही वर. बाहेर उणे ६३ अंश. विक्रम झाला, बुले यांनी उतरण्यासाठी इंजिनाची शक्ती कमी केली, आणि इंजिन विझलं.

ते तसेच खाली आले. जवळजवळ साडेबारा किलोमीटरांची उतरण त्यांनी बंद इंजिनावर पार केली आणि यंत्र धडपणे जमिनीला टेकवलं. एकाच उड्डाणात दोन विक्रम झाले: हेलिकॉप्टरनं गाठलेल्या उंचीचा आणि बंद इंजिनावर खाली येण्याचा. दुसरा करायचं बुले यांच्या मनात नव्हतं, एवढंच.

विमानाचं इंजिन बंद पडलं तर ते पंखांवर तरंगत कुठेतरी उतरेल, हेलिकॉप्टरला मात्र पंखच नाहीत, त्यामुळे ते धोंड्यासारखं खाली येणार, ही समजूत शिकल्यासवरल्या माणसांतही असते. वास्तविक हेलिकॉप्टरला पंख असतात. ते गरगरत असल्यामुळे पंख वाटत नाहीत. आणि इंजिन बंद पडण्यावरचा उपाय हा या यंत्राच्या इतिहासातल्या सर्वांत जुन्या शोधांपैकी एक आहे. धडपणे उडणारं हेलिकॉप्टर जन्माला येण्याआधी तेरा वर्षं तो हवेत सिद्ध झाला होता.

आधी इंजिन चालू असतानाची गोष्ट. अमेरिकेतल्या रॉबिन्सन कंपनीचं 'आर-२२' हे दोन आसनांचं हेलिकॉप्टर उदाहरणाला सोयीचं आहे, कारण त्यात वगळता येण्यासारखं जवळपास काहीच नाही. त्याच्या डोक्यावर दोन पात्यांचा रोटर आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेसात मीटरांहून थोडा जास्त. तो मिनिटाला ५३० फेरे घेतो. म्हणजे हेलिकॉप्टर हवेत एका जागी स्तब्ध उभं असतानाही पात्याचं टोक ताशी साडेसातशे किलोमीटरांहून अधिक वेगानं हवा कापत असतं. पंखावरून वारा वाहावा म्हणून विमानाला धावपट्टीवर धावावं लागतं. इथे पंखच धावतात आणि बाकीचं यंत्र जागेवर राहतं. पातं किंचित तिरपं असतं, ते हवा खाली ढकलतं आणि त्या ढकलण्याची प्रतिक्रिया म्हणून यंत्र वर उचललं जातं.

रोटर जोरात फिरवला की हेलिकॉप्टर चढतं आणि सावकाश फिरवला की उतरतं, असं वाटणं साहजिक आहे. तसं नसतं. उड्डाणभर रोटरचा वेग जवळपास कायम ठेवला जातो. बदलतो तो पात्यांचा तिरपेपणा. वैमानिकाच्या डाव्या हाताशी 'कलेक्टिव्ह' नावाचा दांडा असतो. तो वर ओढला की सगळी पाती एकदम जास्त तिरपी होतात, जास्त हवा खाली ढकलतात आणि यंत्र चढतं. तिरप्या पात्यांना हवेचा अडथळाही जास्त होतो, म्हणून त्याच वेळी इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो. दांडा खाली केला की दोन्ही कमी. हा दांडा लक्षात ठेवावा. इंजिन बंद पडल्यावर जगणं-मरणं त्याच्यावर ठरतं.

उजव्या हातातल्या 'सायक्लिक'चं काम अधिक नाजूक. तो पुढे रेटला की प्रत्येक पातं आपल्या फेऱ्यात एका बाजूला जास्त तिरपं आणि समोरच्या बाजूला कमी तिरपं होत जातं, दर फेऱ्याला, म्हणजे आर-२२ मध्ये सेकंदाला जवळजवळ नऊ वेळा. त्यामुळे फिरणारी सगळी चकती पुढे झुकते आणि हेलिकॉप्टर पुढे निघतं. हे साधणारी रोटरखालची यंत्रणा पाहिली की तिची कल्पना सुचणाऱ्या माणसांविषयी आदर वाटतो आणि तिची देखभाल करणाऱ्यांविषयी त्याहून जास्त.

उरले पायांखालचे पेडल. इंजिन रोटरला एका दिशेनं फिरवतं, तेव्हा हेलिकॉप्टरचं धड उलट दिशेनं फिरू पाहतं. त्याला आवरायला शेपटीवर उभा छोटा रोटर बसवलेला असतो आणि त्याच्या पात्यांचा तिरपेपणा पेडलनं बदलतो. आयगॉर सिकॉर्स्की यांनी १९३९ मध्ये अमेरिकेत उडवलेल्या 'व्हीएस-३००' पासून हीच मांडणी रूढ झाली. दुसरे मार्गही आहेत: भारतीय हवाई दलाच्या चिनूकवर पुढे-मागे दोन मोठे रोटर उलटसुलट फिरतात, तर नौदलाच्या कामोव्हवर एकाच दांड्यावर एकावर एक असे दोन. त्यांना शेपटीचा रोटर लागत नाही.

हवेत एका जागी उभं राहणं पाहायला सोपं वाटतं, पण इंजिनाला ते फार महागात पडतं. पुढे जाणाऱ्या हेलिकॉप्टरच्या रोटरला सतत नवी, न ढवळलेली हवा मिळते आणि तेवढीच उचल कमी शक्तीत मिळते. उभ्या यंत्राला मात्र स्वतःच खाली ढकललेल्या प्रवाहात काम करावं लागतं. त्यात हवा गरम किंवा विरळ असली तर आणखी हाल. एप्रिल १९४४ मध्ये ब्रह्मदेशच्या जंगलात शत्रूच्या मागे अडकलेल्या चौघांना उचलून आणायला कार्टर हार्मन हे अमेरिकन लेफ्टनंट आसामातल्या लालाघाटहून सिकॉर्स्कीचं 'आर-४' घेऊन गेले. युद्धभूमीवरची हेलिकॉप्टरनं केलेली ती पहिली सुटका मानली जाते. त्या दमट उष्म्यात यंत्राला वैमानिकाखेरीज एकच माणूस पेलवत होता, म्हणून चौघांसाठी चार खेपा झाल्या.

आता इंजिन बंद पडू द्या.

पहिली गोष्ट कुणीच काही न करता घडते. इंजिन आणि रोटर यांच्यामध्ये एक फ्रीव्हील असतं, सायकलच्या मागच्या चाकात असतं त्याच तत्त्वावरचं. पायंडल मारणं थांबवलं तरी चाक फिरत राहतं. तसं इंजिन थांबलं, अगदी जाम होऊन बसलं, तरी रोटर त्याच्यापासून सुटतो आणि फिरत राहतो. शेपटीचा रोटर मुख्य रोटरला जोडलेला असल्यामुळे तोही फिरतो, म्हणजे पेडल कामाचे राहतात. हे एवढंसं यंत्र नसतं तर बंद इंजिनाला ओढता ओढता रोटर लगेच थांबला असता आणि पुढचं काही लिहायची वेळच आली नसती.

दुसरी गोष्ट वैमानिकानं करायची असते, आणि ताबडतोब. पाती अजून तिरपी आहेत, हवेचा अडथळा तेवढाच आहे, मागून जोर मात्र नाही. रोटर झपाट्यानं मंदावू लागतो. वैमानिक कलेक्टिव्ह पार खाली करतो, पाती जवळजवळ सपाट होतात, अडथळा कमी होतो आणि हेलिकॉप्टर खाली येऊ लागतं. इथे प्रवाशाच्या पोटात गोळा येतो. पण नेमकं हे खाली येणंच उपयोगी पडतं, कारण आता वारा रोटरमधून खालून वर वाहू लागतो.

खालून येणारा वारा रोटरला फिरवतो, एवढं सांगून बहुतेक वर्णनं थांबतात. पण तो त्याच दिशेनं का फिरवतो? पाती तर अजूनही त्याच बाजूला किंचित तिरपी आहेत. याचं उत्तर असं की, पात्यावर उचलीचा जो जोर लागतो तो समोरून येणाऱ्या वाऱ्याला काटकोनात असतो. इंजिन चालू असताना हवा वरून खाली ओढली जात असते, त्यामुळे हा जोर किंचित मागे कललेला असतो आणि पात्याला अडवतो. ती अडवणूक मोडण्यासाठीच इंजिन लागतं. वारा खालून येऊ लागला की तोच जोर किंचित पुढे कलतो आणि पात्याला पुढे ओढू लागतो. पातं सगळीकडे सारखं ओढलं जात नाही. दांड्याजवळचा भाग इतका सावकाश फिरतो की तिथे प्रवाह पात्याला सोडून जातो आणि तो भाग निरुपयोगी ठरतो. टोकाकडचा भाग इतका वेगानं फिरतो की तिथे हवेचा विरोधच वरचढ होतो. ओढ लागते ती मधल्या पट्ट्यात. मधला पट्टा कमावतो, टोक खर्च करतं, आणि दोघांचा हिशोब जिथे जुळतो त्या वेगावर रोटर स्थिरावतो. या स्थितीला वैमानिक 'ऑटोरोटेशन' म्हणतात.

शक्ती येते उंचीतून. हा हिशोब वहीच्या कोपऱ्यात मांडता येतो. पूर्ण भरलेलं आर-२२ सुमारे ६२२ किलोचं असतं. ते सेकंदाला आठेक मीटरनं खाली येत असेल, तर गुरुत्वाकर्षण त्याला सुमारे ४९ किलोवॅट, म्हणजे जवळपास ६५ अश्वशक्ती पुरवत असतं. त्याचं इंजिन सलग द्यायला परवानगी असलेली शक्ती १२४ अश्वशक्ती. म्हणजे जमीन येईपर्यंत हेलिकॉप्टरच्या हाताशी एक फुकटचं, निम्म्या ताकदीचं इंजिन असतं. हे काही कमी नाही. पाठ्यपुस्तकांत याचा दुसरा दाखलाही देतात: सरळ खाली येणारा, वाऱ्यानं फिरणारा रोटर हवेला जवळपास तेवढाच विरोध करतो, जेवढा त्याच व्यासाचं पॅराशूट करील. साडेसात मीटरांच्या वर्तुळात दोन अरुंद पाती आणि बाकी सगळी मोकळी जागा असूनही.

हे पहिल्यांदा उमगलेला माणूस हेलिकॉप्टर बनवतच नव्हता. स्पेनच्या मुर्सिया शहरात जन्मलेले हुआन दे ला सिएर्वा हे तरुण अभियंते विमानं बनवत. १९१९ मध्ये त्यांचं तीन इंजिनांचं बॉम्बफेकी विमान चाचणीच्या वेळी जमिनीलगत फार सावकाश उडवलं गेलं, पंखांची उचल सुटली आणि विमान कोसळलं. वेग कमी झाला तरी पंखांवरचा वारा कमी होऊ नये, असं काही करता येईल का, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या मागे लागला. त्यांनी विमानाच्या पंखांऐवजी वर एक मोकळा रोटर बसवला. त्याला इंजिन जोडलेलं नव्हतं. पुढचा पंखा विमान ओढी आणि वाऱ्यानं रोटर आपोआप फिरे. नाव ठेवलं 'ऑटोजायरो'.

पहिली यंत्रं एका कुशीवर कलंडली. कारण उघड होतं, पण कळल्यावरच: पुढे जाणाऱ्या यंत्रात रोटरच्या एका बाजूचं पातं वाऱ्याला सामोरं जातं आणि दुसऱ्या बाजूचं वाऱ्याबरोबर मागे येतं, म्हणून एका बाजूला उचल जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी. सिएर्वा यांनी प्रत्येक पातं मुळाशी बिजागरीवर बसवलं. आता जास्त उचल मिळणारं पातं वर उचललं जाई, त्यामुळे वाऱ्याशी होणारा त्याचा कोन आपोआप कमी होई, आणि दोन्ही बाजू समान होत. जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळच्या हेताफे इथे त्यांचं 'सी-४' अलेहांद्रो गोमेझ स्पेन्सर यांनी उडवलं. काही दिवसांतच उड्डाण घेताना त्याचं इंजिन बंद पडलं, आणि यंत्र तीव्र उतारानं पण सावकाश खाली येऊन सुखरूप टेकलं. कुणी मुद्दाम ठरवून केला असता तर यापेक्षा चांगला प्रयोग झाला नसता.

सिएर्वा यांनी १९२८ मध्ये ऑटोजायरोतून इंग्लिश खाडी ओलांडली. १९३६ मध्ये जर्मनीत हेन्रिख फोके यांचं 'एफडब्ल्यू-६१' उडालं, ते खऱ्या अर्थानं काबूत राहणारं पहिलं हेलिकॉप्टर. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ते इंजिन बंद करून उतरवून दाखवण्यात आलं. फोके यांच्याकडे ऑटोजायरो बांधण्याचा परवाना आणि अनुभव आधीच होता. सिएर्वा हे पाहायला राहिले नाहीत. डिसेंबर १९३६ मध्ये लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून धुक्यात निघालेलं डच प्रवासी विमान घरांवर आदळलं, त्यातल्या मृतांमध्ये ते होते. ज्या जातीच्या विमानांवर तोड शोधण्यात त्यांनी आयुष्य घालवलं, त्याच जातीचं ते होतं.

वैमानिकाच्या हाती असलेला वेळ किती, हे आता पाहू. आर-२२ हजार फुटांवर असताना इंजिन गेलं तर जमीन साधारण पस्तीस-चाळीस सेकंदांवर असते. पहिलं सेकंद कलेक्टिव्हचं. मग पेडल, कारण इंजिनाचा रेटा संपल्यामुळे धड आवरायची गरज उरत नाही आणि शेपटी भलतीकडे वळू लागते. मग सायक्लिकनं नाक सांभाळून ताशी सुमारे १२० किलोमीटरचा वेग धरायचा. पुढे सरकत उतरण्याचा उतार साधारण चारास एक, म्हणजे हजार फुटांवरून सव्वा किलोमीटरच्या आतली एखादी मोकळी जागा निवडायची, आणि ती निवडण्यासाठी चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त मिळत नाहीत. वाऱ्याची दिशा आधीच माहीत असावी लागते. म्हणून चांगला वैमानिक उडता उडता सतत खाली शेतं, नदीपात्रं, मैदानं हेरत असतो. प्रवाशाला वाटतं, तो देखावा पाहतोय.

शेवटचे चाळीस फूट ही खरी परीक्षा. इथे सायक्लिक मागे ओढून नाक वर उचलतात. पुढचा वेग मोडतो, खाली येण्याचा वेगही मोडतो, आणि वारा आणखी जोरानं खालून घुसल्यामुळे रोटरचा वेग वाढतो. म्हणजे पुढे धावण्यातली शक्ती रोटरमध्ये साठवली जाते. सात-आठ फुटांवर यंत्र आडवं करायचं आणि मग कलेक्टिव्ह वर ओढायचा. साठवलेली सगळी शक्ती एकाच उचलीत खर्च होते, रोटर मंदावतो, आणि तेवढ्यात जमीन लागते. ही उचल एकदाच मिळते. दहा फूट आधी ओढला तर रोटर संपतो आणि यंत्र उरलेल्या उंचीवरून आपटतं. अर्धं सेकंद उशिरा ओढला तर आपटणं टळतच नाही.

किती शक्ती साठते, हे पात्यांच्या वजनावर आहे. १९४६ मध्ये नागरी वापराचा परवाना मिळालेलं पहिलं हेलिकॉप्टर बेल-४७. त्याच्या जड रोटरमध्ये एवढा जोर उरे की कसलेले वैमानिक बंद इंजिनावर टेकवून, पुन्हा थोडं उचलून, तोंड वळवून परत टेकवून दाखवत. आर-२२ ची पाती हलकी आहेत. त्याचे जनक फ्रँक रॉबिन्सन यांनी ते स्वस्त खासगी वाहन म्हणून आखलं होतं. उड्डाणशाळांनी ते शिकाऊंसाठी उचललं. रोटरचा वेग नेहमीच्या ८० टक्क्यांच्या आसपास घसरला की पात्यांवरचा प्रवाह तुटतो, आणि मग तो परत मिळत नाही. हलक्या पात्यांना तिथवर यायला जेमतेम एक-दोन सेकंद लागतात. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानं १९९५ मध्ये खास आर-२२ आणि आर-४४ उडवणाऱ्यांसाठी वेगळ्या प्रशिक्षणाची सक्ती केली ती उगीच नाही.

इंजिन गेलं तर हेलिकॉप्टर बरं की विमान? ऑगस्ट २००१ मध्ये टोरांटोहून लिस्बनला निघालेल्या एअर ट्रान्सॅटच्या एअरबसचं इंधन गळून दोन्ही इंजिनं बंद पडली, तरी ती १९ मिनिटं तरंगत अझोर्स बेटांवर पोचली आणि तिच्यातले ३०६ जण वाचले. असं अंतर हेलिकॉप्टरला स्वप्नातही कापता येणार नाही. पण त्या एअरबसला लांबलचक धावपट्टी लागली आणि ती ताशी साडेतीनशेहून अधिक किलोमीटर वेगानं टेकली. हेलिकॉप्टरला एक रिकामं खळं पुरतं, आणि टेकताना त्याचा वेग माणसाच्या पळण्याएवढाही नसू शकतो. ज्या देशात धावपट्ट्या थोड्या आणि शेतं जास्त, तिथे हा सौदा वाईट म्हणता येत नाही.

मात्र सौद्याला एक अट आहे: हाताशी उंची तरी हवी नाही तर वेग तरी. दोन्ही नसतील तर ऑटोरोटेशन जमत नाही. प्रत्येक हेलिकॉप्टरच्या माहितीपुस्तकात उंची आणि वेगाचा एक आलेख असतो आणि त्यात एक भाग रेघोट्या मारून काळा केलेला असतो. वैमानिक त्याला 'डेड मॅन्स कर्व्ह' म्हणतात. लहान यंत्रांत एका जागी उभं असताना साधारण दहा फुटांपासून चारशे फुटांपर्यंतची उंची त्यात येते. दहा फुटांखाली पडलं तर निभावतं, चारशे फुटांवर असलं तर नाक खाली करून वेग मिळवायला जागा असते. मधे काहीच नसतं. निवडणुकीच्या सभेनंतर पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर सरळ आकाशात न चढता जमिनीलगत नाक खाली घालून पळतं आणि मग चढतं, ते गर्दीला वारा घालायला नव्हे. तो काळा भाग टाळण्याची ती रीत आहे. महापुरात छपरावरच्या माणसाला दोरानं उचलणारं यंत्र मात्र त्याच काळ्या भागात मिनिटंच्या मिनिटं उभं असतं. त्या वैमानिकांच्या वाट्याला येणारं कौतुक त्यामानानं कमीच.

दोन इंजिनं हा त्यावरचा उपाय, आणि तो चांगला आहे. मुंबईच्या जुहू विमानतळावरून बॉम्बे हायच्या तेलफलाटांकडे जाणारी हेलिकॉप्टर दोन इंजिनांची असतात. एक गेलं तरी दुसऱ्यावर परत येता येतं, आणि तेही जमलं नाही तर पाण्यावर टेकण्यासाठी फुगणारे फुगे असतात. पण दोन इंजिनं एकाच टाकीव्यवस्थेवर चालतात. २९ नोव्हेंबर २०१३ च्या रात्री स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरावरून पोलिसांचं दोन इंजिनांचं हेलिकॉप्टर परतत होतं. टाकीत इंधन होतं, पण ते इंजिनाकडे पोचवणारे पंप बंद होते आणि कमी इंधनाच्या इशाऱ्यांवर कृती झाली नाही. अर्ध्या मिनिटाच्या अंतरानं दोन्ही इंजिनं विझली. खाली अंधार, दाट वस्ती. ऑटोरोटेशन पुरं झालं नाही, रोटर हवेतच थांबला आणि यंत्र 'क्लथा' नावाच्या पबच्या छपरावर कोसळलं. दहाजण गेले. जे साधन इंजिनाशिवाय चालतं, तेही वैमानिकाच्या हातावाचून चालत नाही.

म्हणून जगभर हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला परवान्याआधी ऑटोरोटेशन पुन्हा पुन्हा करून दाखवावं लागतं. नाशिकच्या गांधीनगर धावपट्टीवर लष्कराच्या हवाई शाखेचे वैमानिक घडतात. चेतक आणि चीता ही तिथली एका इंजिनाची यंत्रं, तेव्हा हा धडा तिथे पोटापाण्याचाच.

आता या उपायाच्या कक्षेबाहेरचं. रोटर शाबूत असेल तरच वारा त्याला फिरवणार. एप्रिल २०१६ मध्ये नॉर्वेच्या तुरॉय बेटाजवळ तेलफलाटावरून येणाऱ्या सुपर प्यूमाच्या गिअरबॉक्समधल्या एका चाकाला थकव्याची चीर गेली, सगळा रोटर सुटून वेगळा झाला आणि तेराही जण मृत्युमुखी पडले. दोन्ही इंजिनं ठणठणीत होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंग्लंडच्या लेस्टर सिटी फुटबॉल क्लबच्या मालकांचं हेलिकॉप्टर स्टेडियममधून वर चढलं, आणि शेपटीच्या रोटरचं नियंत्रण सांभाळणारं बेअरिंग निकामी झालं. उंची आणि वेग दोन्ही नसताना ते गरगरत खाली आलं. पाचही जण गेले.

आणि हेसुद्धा अपवादच म्हणावेत असे अपघात. यंत्रात काही न बिघडता होणारे अपघात लोकांना जास्त ठाऊक आहेत, त्यांची कारणं मात्र तेवढी ठाऊक नाहीत. ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांच्यासह चौदाजणांचा बळी घेणाऱ्या अपघाताच्या तिन्ही सेनादलांच्या संयुक्त चौकशीत यांत्रिक बिघाडाची आणि घातपाताची शक्यता फेटाळली गेली; अचानक बदललेल्या हवेत यंत्र ढगात शिरलं आणि वैमानिकाचं दिशाभान हरपलं, असा निष्कर्ष निघाला. जानेवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियात बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांच्यासह नऊजण गेले तेही असंच. ढगात शिरू नये हे ठाऊक असूनही वैमानिक पुढे गेला. प्रवाशाला ठरल्या ठिकाणी पोचवायचंच, हा त्यानं स्वतःवर घेतलेला दबाव त्याला कारण झाला असावा, असं अमेरिकी तपासयंत्रणेनं अहवालात नोंदवलं. ढगात दिशाभान गेलेल्या माणसाला फ्रीव्हील काही मदत करू शकत नाही.

महाराष्ट्रातून केदारनाथला जाणारे पुष्कळ यात्रेकरू आयुष्यात पहिल्यांदा हेलिकॉप्टरमध्ये बसतात ते तिथे, एका इंजिनाच्या यंत्रात, दाट ढग उतरणाऱ्या दरीत. त्यांनी इंजिनाची धास्ती घेऊ नये. आकाशाकडे मात्र बघावं, आणि ढग आहेत म्हणून वैमानिकानं उड्डाण रद्द केलं तर खिडकीशी भांडायला जाऊ नये, ओळखी काढू नयेत. परतीचं रेल्वे तिकीट बदलून घ्यावं. उतरल्यावर समोरच्या बाजूनं, वैमानिकाला दिसत राहील असं, डोकं वाकवून बाहेर यावं आणि शेपटीकडे फिरकू नये. एप्रिल २०२३ मध्ये केदारनाथच्याच हेलिपॅडवर शेपटीच्या रोटरच्या तडाख्यात एका सरकारी अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. त्या वेळी हेलिकॉप्टर जमिनीवर उभं होतं.